कर्करुग्णाची बाजू



कर्करोगाविषयी व्याख्याने होतात तेव्हा ती बहुधा रोगाविषयी असतात. पेशींची अनिर्बंध वाढ कशी होते, गाठ कोणत्या अवस्थेत ओळखता येते, शस्त्रक्रिया केव्हा करावी आणि किरणोपचार केव्हा द्यावेत, याची माहिती आता शाळेच्या पाठ्यपुस्तकापर्यंत पोहोचली आहे. रोग्याविषयी मात्र त्या मानाने फारच थोडे बोलले जाते. निदानाचा कागद हाती पडल्यापासून उपचार सुरू होईपर्यंतच्या दिवसांत, आणि उपचार संपल्यानंतरच्या अनेक वर्षांत, त्या माणसाचे नेमके काय होते व त्याच्या वतीने कोण उभे राहते, या प्रश्नाचे उत्तर वैद्यकाच्या ग्रंथात मिळत नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या अंदाजाप्रमाणे २०२२ या एका वर्षात देशात सुमारे १४ लाख ६० हजार नवे कर्करुग्ण आढळले. एवढ्या घरांमध्ये एका वर्षात हा प्रश्न उभा राहिला, असा या आकड्याचा साधा अर्थ आहे.

मुंबईत परळला टाटा स्मारक रुग्णालयाच्या बाजूने जाणाऱ्या डॉ. अर्नेस्ट बोर्जेस मार्गावर ज्यांचे जाणे-येणे आहे त्यांनी पदपथावरील संसार पाहिलेले असतील. एखादी ताडपत्री, पाण्याचा डबा, औषधांची पिशवी आणि छातीशी धरलेली रुग्णालयाची फाईल. ही माणसे भिकारी नाहीत. त्यांपैकी कोणी नांदेड-परभणीकडून देवगिरी एक्सप्रेसने दादरला उतरलेला अल्पभूधारक असतो, कोणी बिहार-बंगालमधून आलेला कारागीर असतो. गावी त्याचे घर असते, बैलजोडी असते किंवा काल-परवापर्यंत होती. त्याला पदपथावर आणून बसवले आहे ते उपचाराच्या स्वरूपाने.

ही गोष्ट थोडी समजावून घेण्यासारखी आहे. पोटातील आंत्रपुच्छ काढले की रोगी आठवड्याभरात घरी जातो. कर्करोगाचे तसे नसते. किरणोपचार प्रत्येक वेळी अवघ्या काही मिनिटांचे असतात. परंतु ते आठवड्यातून पाच दिवस, असे पाच ते सात आठवडे घ्यावे लागतात. रसायनोपचाराची फेरी बहुधा दर तीन आठवड्यांनी येते आणि अशा अनेक फेऱ्या होतात. मधल्या दिवसांत रक्ताची तपासणी करून घ्यावी लागते. या काळात रोग्याला रुग्णालयात खाटेवर ठेवण्याची गरज नसते, आणि ठेवायचे म्हटले तरी तेवढ्या खाटा कोठल्याही रुग्णालयात असणार नाहीत. म्हणजे रोगी रुग्णालयाचा असतो, पण रात्रीच्या वेळी तो कोणाचाच नसतो. मुंबईसारख्या शहरात सहा आठवडे राहण्याची सोय हा म्हणूनच उपचाराचाच एक भाग आहे. औषधाची चिठ्ठी लिहिणाऱ्याच्या कक्षेत मात्र तो येत नाही.

ही उणीव ज्यांनी प्रथम ओळखली त्यांत संत गाडगे महाराजांच्या नावाने चालणारी दादरची धर्मशाळा आहे, परळची नाना पालकर स्मृती समिती आहे. धर्मशाळा या जुन्या संस्थेचा हा नवा उपयोग आहे. अशा धर्मशाळेच्या ओवरीत आज पांढऱ्या रुमालाने डोके झाकलेल्या स्त्रिया चुलीशेजारी बसून भाकरी थापतात, हे दृश्य गाडगेबाबांना मुळीच परके वाटले नसते. लहान मुलांच्या बाबतीत तर निवाऱ्याचा प्रश्न जीवनमरणाचा ठरतो. रसायनोपचारानंतर मुलाच्या रक्तातील पांढऱ्या पेशी घटतात आणि साध्या जंतुसंसर्गालाही त्याचे शरीर तोंड देऊ शकत नाही. वैद्यांनी औषधाने मिळवलेले यश पदपथावरील धुळीत आणि अशुद्ध पाण्यात वाया जाते. २००६ साली मुंबईत सुरू झालेल्या सेंट ज्यूड इंडिया चाइल्डकेअर सेंटर्स या संस्थेने अशा मुलांसाठी व त्यांच्या आईबापांसाठी प्रत्येक कुटुंबाला स्वतंत्र जागा, सामाईक स्वयंपाकघर व शुद्ध पाणी यांची सोय केली. टाटा रुग्णालयाच्या बालकर्करोग विभागात २००९ च्या सुमारास जवळजवळ दर पाच मुलांमागे एका मुलाचे पालक उपचार नाकारत किंवा मध्येच सोडून जात. आर्थिक मदत, निवारा, अन्न व समुपदेशन यांची एकत्र जोड देण्यात आल्यानंतर हे प्रमाण पुढील काही वर्षांत पाच टक्क्यांच्या आसपास आले. औषधे जवळपास तीच होती, हे येथे लक्षात घ्यावयास हवे.

या सर्व कार्याच्या मुळाशी एका कुटुंबाचे दुःख आहे. सर दोराबजी टाटा यांच्या पत्नी लेडी मेहेरबाई यांचे १९३१ मध्ये रक्ताच्या कर्करोगाने परदेशात निधन झाले. जे उपचार त्यांच्यासाठी परदेशात शोधावे लागले ते आपल्या देशातील सामान्य माणसाला येथेच मिळावेत, या हेतूला पुढे मूर्त रूप आले. वर्षभरातच, १९३२ मध्ये, दोराबजीही गेले. परंतु त्यांच्या नावाच्या न्यासाने २८ फेब्रुवारी १९४१ रोजी परळला ८० खाटांचे रुग्णालय उभे केले. १९५७ मध्ये ते केंद्रीय आरोग्य मंत्रालयाकडे आणि १९६२ मध्ये अणुऊर्जा विभागाकडे गेले. याच न्यासाने १९३६ मध्ये समाजकार्याचे शिक्षण देणारी संस्था मुंबईत काढली होती; टाटा समाजविज्ञान संस्था म्हणून आज ती ओळखली जाते. रोग बरा करणारे आणि रोग्याला सांभाळणारे, अशा दोन्ही प्रकारच्या माणसांची तयारी एकाच देणगीतून व्हावी, हा योगायोग असला तरी मोठा बोलका आहे. १९५१ मध्ये डॉ. दाराब जस्सावाला आणि नवल टाटा यांनी इंडियन कॅन्सर सोसायटी स्थापन केली. तिच्या प्रयत्नाने १९६३ मध्ये मुंबईत कर्करोगाची लोकसंख्येवर आधारलेली देशातील पहिली नोंदणी सुरू झाली आणि कोणत्या वस्तीत, कोणत्या वयात, कोणता कर्करोग होतो हे प्रथमच मोजले जाऊ लागले. मोजल्याशिवाय मागता येत नाही, हे सरकार-दरबारी कागद घेऊन जाणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असते.

रोग्याला मदत करणे आणि रोग्याची बाजू मांडणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीला दयाबुद्धी पुरते. दुसरीला अभ्यास, चिकाटी आणि प्रसंगी बलाढ्यांशी वाद घालण्याची तयारी लागते. मुंबईतच १९६९ मध्ये स्थापन झालेल्या कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशन या संस्थेचे उदाहरण या दृष्टीने सविस्तर सांगण्याजोगे आहे. गरीब रुग्णांना औषधे पुरवणे, तपासणी शिबिरे भरवणे असे तिचे काम अनेक वर्षे शांतपणे चालले होते. रक्ताच्या कर्करोगाचा एक दीर्घकालीन प्रकार आहे. त्यावर इमॅटिनिब नावाचे औषध निघाले आणि रोजच्या गोळीने रोगी वर्षानुवर्षे कामधंदा करीत जगू लागला. औषध जन्मभर घ्यावयाचे होते. नोवार्टिस या स्विस कंपनीच्या ग्लिव्हेक या गोळ्यांचा खर्च महिन्याला सुमारे १ लाख २० हजार रुपये येई. भारतीय कारखान्यांत तयार होणारे तेच औषध ८ ते १० हजारांत मिळे. कंपनीने काही रुग्णांना औषध विनामूल्य देण्याची योजना चालविली होती, हेही नमूद केले पाहिजे. परंतु एखाद्याचे आयुष्य कोणाच्या देणगीवर अवलंबून असणे आणि ते त्याच्या आवाक्यातील किमतीवर अवलंबून असणे, यांत फरक आहे.

कंपनीने १९९८ मध्ये या औषधाच्या विशिष्ट स्फटिकरूपावर चेन्नई येथे एकस्वासाठी, म्हणजेच पेटंटसाठी, अर्ज केला होता. २००३ मध्ये तिला विक्रीचे एकाधिकार मिळाले आणि भारतीय औषधांचा पुरवठा धोक्यात आला. तेव्हा रुग्णांच्या या संस्थेने एकस्वाला रीतसर हरकत घेतली. २००५ मध्ये सुधारलेल्या एकस्व कायद्यातील कलम ३ (घ) असे सांगते की, माहीत असलेल्या पदार्थाचे केवळ नवे रूप काढल्याने तो नवा शोध ठरत नाही. त्या रूपाने गुणकारिता वाढल्याचे सिद्ध व्हावे लागते. जानेवारी २००६ मध्ये अर्ज नामंजूर झाला. कंपनीने कलमालाच आव्हान दिले, ते मद्रास उच्च न्यायालयाने २००७ मध्ये फेटाळले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १ एप्रिल २०१३ रोजी न्यायमूर्ती आफताब आलम व न्यायमूर्ती रंजना प्रकाश देसाई यांनी कंपनीचे अपील फेटाळले. निकालपत्रात रसायनशास्त्राची चर्चा पानोपानी आहे. त्या चर्चेमागे मात्र महिन्याच्या अखेरीस औषधाच्या दुकानात उभा असलेला एक सामान्य माणूस होता, आणि तो न्यायालयाच्या दारापर्यंत पोहोचला तो रुग्णांच्या एका संस्थेमुळे. त्याच सुमारास, मार्च २०१२ मध्ये, यकृत व मूत्रपिंडाच्या कर्करोगावरील सोराफेनिब या औषधासाठी देशातील पहिला सक्तीचा परवाना देण्यात आला. महिन्याला सुमारे २ लाख ८० हजार रुपयांचे हे औषध ८ हजार ८८० रुपयांत विकण्याचे बंधन परवान्यात होते. औषधाची किंमत हा विषय केवळ अर्थशास्त्रज्ञांनी बोलावयाचा नाही, हे या दोन प्रकरणांनी दाखवून दिले.

मुंबईतील संस्थांची ही हकीकत ऐकून ग्रामीण भागातील कार्यकर्त्याला असे वाटण्याचा संभव आहे की, हे सारे शहराचे बळ आहे. बार्शीचे उदाहरण त्याने पाहावे. सोलापूर जिल्ह्यातील या व्यापारी गावी डॉ. भा. म. नेने यांच्या पुढाकाराने टाटा रुग्णालयाच्या साहाय्याने ग्रामीण कर्करोग प्रकल्प उभा राहिला. १९८१ च्या मे महिन्यात कर्करोगाने निधन पावलेल्या अभिनेत्री नर्गिस दत्त यांचे नाव तेथील रुग्णालयाला आहे. १९८७ पासून बार्शीला देशातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने खेड्यातील स्त्रिया उशिरा, रोग पसरल्यावर येतात, हे त्या नोंदींतून आकड्यांनिशी दिसले. पुढे त्या वेळच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव, जिल्ह्यात १ लाख ३१ हजार ७४६ स्त्रियांचा अभ्यास करण्यात आला. या रोगास कारण होणाऱ्या विषाणूची तपासणी आयुष्यात एकदाच झाली तरी त्या गटातील मृत्यूंचे प्रमाण जवळजवळ निम्म्यावर येते, असे २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या निष्कर्षात आढळले. जगभर या अभ्यासाचा हवाला दिला जातो. तुलनेसाठी निवडलेल्या गटातील स्त्रियांना अशी तपासणी न देता नित्याचीच सेवा देण्यात आली, यावरून पुढे टीकाही झाली, आणि ती ऐकून घेण्यासारखी होती. कारण अभ्यासात सहभागी होणाऱ्या खेड्यातील स्त्रीची बाजू मांडणे हेही रुग्णाची बाजू मांडण्यातच येते. मुंबईच्या झोपडपट्ट्यांत १९९८ पासून झालेल्या दुसऱ्या अभ्यासात तर साध्या व्हिनेगरचा उपयोग करण्यात आला. थोड्या प्रशिक्षणाने तयार झालेल्या स्थानिक स्त्रियांनी ही तपासणी केली आणि मृत्यूंत ३१ टक्के घट झाल्याचे २०१३ मध्ये जाहीर करण्यात आले. प्रत्येक वेळी डॉक्टरच हवा असतो, हा समज त्यामुळे ढिला पडावयास हरकत नाही.

जे या रोगातून बरे झाले त्यांच्यासाठी मराठीत अद्याप चांगलासा शब्द रूढ झालेला नाही. 'कर्करोगमुक्त' म्हणावे तर भीती पुरती गेलेली नसते. 'वाचलेला' म्हणावे तर त्यात केवळ दैवाचा हात दिसतो. शब्द नसण्याचेही कारण आहे. १९७१ च्या 'आनंद' चित्रपटापासून प्रेक्षकांनी कर्करोगाचा रोगी पाहिला तो हसतमुखाने मरणारा. बरा होऊन पुन्हा कचेरीत जाणारा, मुलीच्या लग्नाची खरेदी करणारा रोगी पडद्यावर क्वचितच आला. अनेक जण बरे झाल्यावरही गप्प राहतात. मुलीचे लग्न जमणार नाही, भाडेकरू म्हणून कोणी ठेवणार नाही, सासरचे लोक ताटवाटी वेगळी करतील, असे भय असते. हा रोग स्पर्शाने पसरत नाही, हे घरोघर पुन्हा पुन्हा सांगण्याची गरज म्हणूनच संपलेली नाही.

ज्यांनी हे मौन सोडले त्यांनी मोठे काम केले आहे. स्वतः कर्करोगातून बऱ्या झालेल्या वंदना गुप्ता यांनी १९९४ मध्ये मुंबईत व्ही केअर ही संस्था सुरू केली. या रोगातून गेलेले स्वयंसेवक नव्या रोग्याच्या शेजारी जाऊन बसतात. स्तनाची शस्त्रक्रिया झालेल्या स्त्रीला जे प्रश्न शल्यचिकित्सकाला विचारण्याचा संकोच वाटतो ते ती दुसऱ्या तशाच स्त्रीला विचारते. हात पुन्हा वर उचलता येईल का, गेलेले केस परत येतात ते कसे, ब्लाऊजच्या आत काय वापरावे, नवऱ्याशी काय बोलावे. बालपणी कर्करोग होऊन बरे झालेल्या तरुणांचा 'उगम' नावाचा गट इंडियन कॅन्सर सोसायटीच्या आश्रयाने २००९ पासून काम करतो. तंबाखूमुळे जबडा किंवा जीभ गमावलेल्या रुग्णांनी तर स्वतःच्या चेहऱ्यासह शासनापुढे व लोकांपुढे येण्याचे धैर्य दाखवले. महाराष्ट्राने २००२ मध्ये घातलेली गुटखाबंदी न्यायालयात टिकली नव्हती. अन्नसुरक्षा कायद्याच्या आधारे जुलै २०१२ मध्ये ती पुन्हा लागू झाली, त्यामागे डॉक्टरांबरोबर या रुग्णांचाही आवाज होता. २००४ मध्ये तोंडाच्या कर्करोगावर शस्त्रक्रिया झालेले शरद पवार यांनीही आपल्या जुन्या सवयीविषयी जाहीरपणे खंत व्यक्त केली आहे. गुटखा आजही चोरून विकला जातो, हे खरे आहे. बंदीच्या आदेशाने पानटपरी सुधारत नाही, पण टपरीवाल्यापाशी बोलावयाला आधार मिळतो.

सगळेच रोगी बरे होत नाहीत, हे सांगण्याचे टाळू नये. ज्यांच्यावर आणखी उपचार करण्याजोगे उरलेले नसतात त्यांना "आता घरी घेऊन जा" एवढेच सांगितले जाते, आणि मग वेदनांचा सर्वांत कठीण काळ ते घराच्या एका खोलीत काढतात. डॉ. एल. जे. डिसोझा यांच्या पुढाकाराने १९८६ मध्ये वांद्रे येथे सुरू झालेले शांती अवेदना सदन हे अशा रुग्णांसाठीचे देशातील पहिले निवासस्थान होय. गोव्यातही त्याची शाखा आहे. अशा अवस्थेत तीव्र वेदनेवर तोंडावाटे देता येणारे मॉर्फिन हे स्वस्त आणि परिणामकारक औषध आहे. परंतु १९८५ च्या अंमली पदार्थविषयक कायद्यामुळे ते ठेवण्यासाठी रुग्णालयांना अनेक परवाने मिळवावे लागत, आणि बहुतेकांनी तो त्रास टाळून औषध ठेवणेच सोडून दिले. अफूचा चोरटा व्यापार थांबवण्यासाठी केलेल्या तरतुदीचा भार मरणोन्मुख रोग्याने वाहावा, हे कोणाच्याच मनात नव्हते; तरी घडले तसे. परिहार सेवेत काम करणाऱ्यांनी अनेक वर्षे पाठपुरावा केल्यावर २०१४ मध्ये कायदा दुरुस्त झाला आणि परवान्यांची पद्धत सुटसुटीत झाली. आता प्रश्न कायद्याचा कमी आणि जिल्हा पातळीवर असे औषध मागणाऱ्या, लिहून देणाऱ्या व ठेवणाऱ्या माणसांचा अधिक आहे.

येथे जमलेल्या आशा स्वयंसेविका, परिचारिका व समाजसेवक यांच्या रोजच्या उपयोगाच्या काही गोष्टी शेवटी सांगावयास हव्यात, कारण हक्क पुष्कळदा केवळ माहीत नसल्यामुळे वाया जातात. राज्यात २ जुलै २०१२ रोजी ८ जिल्ह्यांत सुरू झालेली आणि २०१७ पासून महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाने ओळखली जाणारी जन आरोग्य योजना कर्करोगावरील शस्त्रक्रिया, किरणोपचार व रसायनोपचार या तिन्हींसाठी लागू आहे. योजनेतील रुग्णालयात आरोग्यमित्र बसतो. रोग्याने खिशातील पैसे खर्च करण्यापूर्वी त्याला भेटावे, नंतर नव्हे. उपचार व फेरतपासणीसाठी जाणाऱ्या कर्करुग्णास रेल्वे शयनयान व वातानुकूलित तिसऱ्या वर्गात पूर्ण सवलत देते आणि सोबतच्या एका व्यक्तीस त्याच वर्गांत ७५ टक्के. त्यासाठी रुग्णालयाचे ठरावीक नमुन्यातील प्रमाणपत्र लागते. एस.टी.च्या प्रवासातही कर्करुग्णाला सवलत आहे. आरोग्य विम्यात आधीपासून असलेल्या आजारासाठीचा प्रतीक्षाकाळ २०२४ मध्ये चार वर्षांवरून जास्तीत जास्त तीन वर्षांवर आणण्यात आला, हे बरे झालेल्या माणसाला सांगावे.

आणखी एक तरतूद फारशी कोणाला माहीत नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात कर्करोगाचा वेगळा उल्लेख नाही. परंतु वाचादोषाची व्याख्या करताना त्या कायद्याने स्वरयंत्र काढून टाकल्यामुळे येणाऱ्या कायमच्या अपंगत्वाचा स्पष्ट निर्देश केला आहे. घशाच्या कर्करोगाने आवाज गमावलेला, गळ्यातील छिद्रावर रुमाल बांधून वावरणारा एखादा माणूस आपापल्या गावात आठवून पाहावा. तो दिव्यांग प्रमाणपत्रासाठी अर्ज करू शकतो. त्याचा अर्ज बहुधा दुसऱ्या कोणाला तरी भरून द्यावा लागेल, आणि जिल्हा रुग्णालयातील खिडकीपाशी त्याच्या वतीने बोलावेही लागेल.